हँग झालेला माणूस

डॉक्टरांचा प्रश्न विचारून झाला होता आणि त्याचे उत्तर खोलीतल्या कुणाच्याच तोंडून निघत नव्हते. कंपनीच्या दवाखान्याची ती खोली तशी लहानच. एक टेबल, एक तपासणीचा पलंग, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. पलीकडच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर घाव पडत होते आणि त्यांचा आवाज भिंतीतून झिरपत आत येत होता. स्टुलावर नवनाथ बसला होता, हेल्मेट मांडीवर आणि दोन्ही हात हेल्मेटवर. त्याच्या मागे प्रेसवरचा त्याचा जोडीदार विक्की उभा होता. आणि दाराशी, धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही अशा जागी, प्रज्वल.

"मी पुन्हा विचारते," डॉक्टर स्नेहल म्हणाल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता. "विक्की, तुम्ही रोज यांच्या समोर उभे असता. काम करता करता हे मध्येच थांबतात, नजर एका जागी लागते, हाक मारली तरी कळत नाही, असं कधी पाहिलंय?"

"मॅडम, ते नाटक होतं," विक्की म्हणाला. "नाटकात माणूस हवेत पण उडतो. म्हणून काय आपण त्याला पंख तपासायला बोलवतो का?"

कुणी हसले नाही.

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी दाराकडे पाहिले. "त्या दिवशी तुम्हीच मला नाव सांगितलंत."

नवनाथने मान वळवली आणि आत आल्यापासून पहिल्यांदाच प्रज्वलकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते, असे प्रज्वलला वाटून गेले. त्या नजरेत केवळ वाट पाहणे होते.

हे असे नाव सांगण्यापर्यंत तो कसा पोहोचला, ते कळायला त्या शॉपमधल्या एका शब्दाची गोष्ट आधी सांगायला हवी.

विक्की आणि नवनाथ ज्या प्रेसवर होते तिचा टच स्क्रीन जुना झाला होता. आकडे दाखवता दाखवता तो मध्येच गोठून जाई. बोट आपटा, पुसा, शिव्या द्या, ढिम्म. मग विक्की त्याच्या कुशीला एक चापट देऊन म्हणायचा, "हँग झालंय. असू द्या, येईल माघारी." हा शब्द तिथून निघाला आणि बघता बघता सगळ्या शॉपभर पसरला. तळेगाव चौकात कंपनीच्या बसगाड्या अडकल्या की चौक हँग. ओव्हरटाइमच्या कागदावर सही अडली की कागद हँग. कॅन्टीनच्या छोल्यांनी पोट हँग. गणराज नावाचा वेल्डर मुलगी पाहून आला; तिकडून ना होकार, ना नकार. तो रोज डबा उघडताना सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, "आपली सोयरीक हँग आहे, भावा. चापट कुठं मारावी तेच कळंना." ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला आले आणि त्यांनी इंग्रजीत काही विचारले की सुपरवायझर दादासाहेबांचा चेहरा असा काही होई की मागून कुणीतरी हळूच कुजबुजे, "साहेब हँग." आणि शॉप झाडणाऱ्या पुतळाबाई, ज्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नव्हता, सकाळी झाडू टेकून उभ्या राहायच्या नि म्हणायच्या, "आज गुडघा हँग हाय रं लेकरांनू. जरा दमानं."

प्रज्वलचा या शब्दावर जीव जडला होता. तो औशाकडचा; मराठीत एम.ए. करून काळेवाडीत तिघांच्या खोलीत राहत होता आणि प्रेसमधून घडून बाहेर पडणाऱ्या भागांना दिव्याखाली धरून त्यांच्यावरची चीर शोधण्याचे काम करत होता. कवितेच्या आशेवर वाढलेल्या माणसाला हे काम जाचायला हवे होते, आणि ते जाचतही होते. पण दिवसभर लोखंडाकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांना माणसांच्या तोंडचे शब्द म्हणजे विसावा होता. परका शब्द या लोकांनी किती सहज आपला करून घेतला याचे त्याला अप्रूप वाटे. मूळ भाषेत त्याचा एक अर्थ फासावर लटकणे असाही आहे, हे तिथे फक्त त्यालाच माहीत होते. त्या माहितीचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्या शब्दाची सगळ्यांत लाडकी जागा मात्र नवनाथ ही होती.

नवनाथ निघोज्याचा. चाकणच्या पट्ट्यात कारखाने आले तेव्हा ज्या घरांतली पोरे शेत सांभाळून शिफ्टला लागली, त्यांतला. वयाने शॉपमध्ये थोरला, म्हणून सगळ्यांचा दादा. त्या प्रेसवर दोन माणसे समोरासमोर काम करतात. एक पत्रा ठेवतो, दुसरा घडलेला भाग काढतो. दोघांनीही आपापली दोन्ही बटणे दाबली, म्हणजे चारही हात बटणांवर आले, तरच प्रेस खाली येते. एक हात जरी मागे राहिला तरी ते प्रचंड धूड डोक्यावर तसेच थबकून राहते. आणि नवनाथचे हात कधी कधी मागे राहत. पत्रा ठेवून ते बटणाकडे यायचे ते अर्ध्या वाटेतच थांबत. नजर समोर असे, पण समोर काही नसे. ओठ काही चघळत असावेत तसे हलत. उजव्या हाताची बोटे शर्टाचे वरचे बटण चाचपत राहत, जणू ते तुटले आहे की काय याची खात्री करावी. थोड्या वेळाने तो परत येई, आजूबाजूला बघे, आणि विचारी, "काय झालं?"

"काय नाय दादा, हँग झाला होता," विक्की म्हणे. "रीस्टार्ट मारला."

सगळे हसत. नवनाथही हसे. "माझं मॉडेल जुनं हाय बाबांनो," तो म्हणे, "कंपनीनं बंद केलंय. स्पेअर मिळत न्हाई."

पण या हसण्याच्या आड जे घडत होते तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. नवनाथ थांबला की विक्की आपलेही दोन्ही हात बटणांवरून उचलून वर धरी, कुणी घाई करू नये म्हणून. मागचा माणूस पत्रे पुढे ढकलायचे थांबवी. दादासाहेब त्या वेळी नेमके दुसरीकडे बघत. हे कुणी कुणाला शिकवले नव्हते. चेष्टा चालू होती म्हणून कुणी चौकशी करत नव्हते. हसण्याच्या त्या कुंपणाआड नवनाथ सुखरूप होता. आणि आपण कुंपण घालतो आहोत हे घालणाऱ्यांच्याही गावी नव्हते.

प्रज्वलच्या मात्र ते ध्यानात आले होते. एकदा कॅन्टीनमध्ये नवनाथच्या हातातला चहाचा कप तिरका होत गेला, चहा त्याच्या मांडीवर सांडला, आणि त्याला चटकाही जाणवला नाही. शेजारचे हसले. प्रज्वल हसला नाही; त्याने पाहिले. ओठ, बोटे, बटण, मग ते भांबावलेले परत येणे. संध्याकाळी खोलीवर त्याने मोबाइलवर शोधले आणि जे वाचले ते इतके तंतोतंत होते की त्याने मोबाइल पालथा ठेवला. तो एक आजार होता. त्याला नाव होते, औषध होते, आणि ते न घेतल्यास काय होऊ शकते तेही तिथे लिहिले होते.

उद्या दादांना बाजूला घेऊन सांगावे, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टची घाई होती. तिसऱ्या दिवशी नवनाथ रजेवर होता. मग सांगायचे कसे याचा विचार आला, आणि या विचाराला इतकी पाने फुटत गेली की सांगणे त्या पानांआड दिसेनासे झाले. शिवाय त्या आजाराच्या नावावर विनोद होत नव्हता. तो कोरडा, दवाखान्याच्या वासाचा शब्द होता. प्रज्वलने तो बाजूला ठेवला आणि तो पुन्हा 'हँग'कडे वळला, कारण तोवर सुरक्षा सप्ताह आला होता.

दर मार्चमध्ये कंपनीत हा सप्ताह होतो. शपथ, घोषवाक्ये, भित्तिपत्रके, आणि शेवटच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांसमोर एक नाटुकले. नाटुकले दर वर्षी तेच. हेल्मेट न घालणारा एक मूर्ख, त्याला उपदेश करणारा एक शहाणा. या वर्षी कार्मिक विभागाचे प्रमुख अण्णासाहेब प्रज्वलपाशी येऊन थांबले.

"तुम्ही एम.ए. ना हो? मग इथं पत्र्याच्या चिरा बघत काय बसलात? काहीतरी ताजं लिहा. चांगलं झालं तर आपल्या गृहपत्रिकेला माणूस हवाच आहे. वर, ऑफिसात."

वर, ऑफिसात. प्रज्वलने त्या आठवड्यात झपाटल्यासारखे लिहिले. नाटुकल्याचे नाव 'हँग झालेला माणूस'. त्यात शॉपमधला प्रत्येक विनोद होता. गणराजची सोयरीक होती, तळेगाव चौक होता, पुतळाबाईंचा गुडघा होता. आणि मध्यभागी होता एक कामगार, जो बोलता बोलता, जेवता जेवता, बायकोचे ऐकता ऐकता हँग होतो. ही भूमिका त्याने स्वतःकडे ठेवली.

तालमी शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये होत. एके दिवशी नवनाथ बस चुकवून बघायला थांबला. प्रज्वलचे हात अर्ध्यावर थांबले, ओठ हलू लागले, बोटे बटणाकडे गेली, तसा नवनाथ पुढे वाकून बघू लागला. स्वतःला बाहेरून बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"हे मला दावतोयस व्हय रं?"

प्रज्वल ओशाळला. "दादा, तुम्हाला नको असेल तर काढून टाकतो."

"न्हाई, न्हाई. असू दे की." नवनाथ हसत होता, पण त्याची बोटे आपल्याच शर्टाच्या बटणापाशी जाऊन मागे आली होती. "मी असा दिसतो व्हय! मजा हाय. फक्त माझं नाव कुठं घेऊ नको बाबा. साहेबलोक वंगाळ. उद्या म्हणतील, ह्याला मशिनीवर कशाला ठिवलाय? बाकी हसू दे लोकांला."

"नाव कशाला घेईन, दादा?" प्रज्वल म्हणाला. आणि तसे म्हणताना तो खोटे बोलत नव्हता.

शेवटच्या दिवशी मांडवात बायकामुलांची गर्दी होती. नवनाथची बायको तनुजा निघोज्याच्या बायकांबरोबर आली होती. नाटुकले रंगले. "अहो, भाजी जळाली!" असे ओरडणाऱ्या बायकोसमोर प्रज्वल ताट हातात धरून गोठला तेव्हा मांडव हास्याने हलला. गणराजच्या सोयरिकीला शिट्ट्या पडल्या. पुतळाबाईंनी आपला गुडघा व्यासपीठावर आलेला पाहून पदर तोंडाला लावला. शेवटी एक उपदेशाचे वाक्य होते. मशीन हँग झाले तर परत सुरू होते, मशीन चालू असताना माणूस हँग झाला तर होत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या घोळक्यात तनुजा डोळ्यांतले पाणी पुसत हसत होती. हसता हसता ती मध्येच थांबली, हे व्यासपीठावरून प्रज्वलला दिसले. त्याने नजर पुढे नेली.

नंतर चहा होता. अण्णासाहेबांचा हात त्याच्या खांद्यावर होता, लोक येऊन पाठ थोपटत होते, आणि अशा वेळी डॉक्टर स्नेहल कागदी कप घेऊन जवळ आल्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्या हसल्या नव्हत्या.

"ते ओठांचं हलणं," त्या म्हणाल्या, "आणि बटण चाचपणं. हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं नाही मॅडम. पाहिलं."

"कुणाचं?"

तो काहीही म्हणू शकला असता. गावाकडचा एक माणूस, बसमधला कुणी, मनातले काही. त्याला ते सुचलेही. पण त्या घटकेला आपण किती बारकाईने पाहतो, हे सिद्ध करण्याखेरीज त्याला जगात दुसरे काही करायचे नव्हते. अण्णासाहेब ऐकत होते.

"आमचे नवनाथदादा," तो म्हणाला. "हुबेहूब आहे ना?"

आणि आता दवाखान्याच्या त्या खोलीत त्याच्या हुबेहूबपणाचा तो नमुना स्टुलावर बसून त्याच्याकडे पाहत होता.

"बोला," डॉक्टर म्हणाल्या. "पाहिलंय की नाही?"

विक्कीने डोळ्यांनी त्याला खुणावले. एक शब्द पुरेसा होता. मनचे लिहिले म्हण. लेखकच तर आहेस. पण नाही म्हणावे तर नवनाथ पुन्हा त्या धुडाखाली जाऊन उभा राहणार, आणि खरे सांगावे तर आपले खरे बोलणे आजच का जागे झाले, हे याच खोलीत कुणीतरी विचारणार. प्रज्वलने तोंड उघडले आणि मिटले.

"राहू द्या मॅडम," नवनाथ म्हणाला. "त्याला नका इचारू. पोरगं खोटं बोललं तर त्याला लागंल, आन् खरं बोललं तर तितकंच लागंल. व्हय. व्हतं मला आसं. तंद्री लागती. लई वर्सं झाली."

विक्कीने आपले हेल्मेट दुसऱ्या हातात घेतले आणि तो भिंतीकडे वळला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. ही तंद्री नव्हे; हा मेंदूचा आजार आहे, फिट येण्याचाच एक प्रकार. लाजण्यासारखे त्यात काही नाही. पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवते, तपासणी होईल, आणि बहुतेकांचा हा आजार गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण तोवर प्रेस नाही, उंचीवरचे काम नाही, आणि मोटारसायकल तर नाहीच नाही.

नवनाथ ऐकत होता. गोळ्यांचे ऐकल्यावर त्याने हात वर करून त्यांना थांबवले.

"म्हंजे यावर गोळ्या असत्यात?"

"हो. कधीच्या आहेत."

"मला वाटायचं, सवय हाय," नवनाथ म्हणाला. "कुणाला नखं खायाची असती, तशी. आमच्या घरात तर आई म्हणायची, पोरगं इचारी हाय." तो हसला, आणि मग त्याला हसू पुरे करता आले नाही. "प्रेस सुटली म्हणा की."

"सध्या," डॉक्टर म्हणाल्या.

सध्या म्हणजे किती, ते त्यांनी सांगितले नाही. त्यांनाही ते माहीत नसावे. नवनाथला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायच्या खिडकीपाशी बसवले. त्याच्या जागी प्रेसवर एक कंत्राटी मुलगा आला, ज्याचे हात कधी मागे राहत नव्हते. विक्की त्या मुलाशी कामापुरते बोले. प्रज्वलशी तो तेवढेही बोलत नसे. एकदाच, शिफ्ट बदलताना, दारात गाठ पडली.

"लेखक," विक्की म्हणाला, "आता पुढचं नाटक कोणावर? माझी आई बहिरी आहे. बघ, होतंय का काही."

प्रज्वल वर ऑफिसात गेला. गृहपत्रिकेचे टेबल खिडकीपाशी होते आणि खिडकीतून शॉपचे छप्पर दिसे. कामाच्या निमित्ताने तो मधूनमधून खाली उतरे, आणि अशाच एका फेरीत त्याला जाणवले की तो शब्द शॉपमधून नाहीसा झाला आहे. स्क्रीन गोठलेला होता. कंत्राटी मुलगा त्याच्यावर बोट आपटत होता. "बंद पडलंय," विक्की म्हणाला, आणि त्याने चापटही मारली नाही. गणराजची सोयरीक तुटली होती; ती तुटली, असेच तो म्हणाला. पुतळाबाईंचा गुडघा नुसता दुखत होता. या माणसांनी एका परक्या शब्दात इतकी वर्षे जो उबारा साठवला होता तो त्यांनी मुकाट्याने परत केला होता, जणू तो शब्द आता वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या मालकीचा झाला होता.

पुढच्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, प्रज्वल निघोज्याला गेला. काय बोलायचे ते त्याने ठरवले होते. वाटेत, बसमध्ये, त्याने ते मनाशी इतक्यांदा घडवले आणि पुसले की गावच्या थांब्यावर उतरेपर्यंत त्या क्षमायाचनेला यती आणि लय आली होती. त्याचीही त्याला शरम वाटली.

नवनाथच्या घरामागच्या अंगणात, ताडपत्रीच्या सावलीत, काढलेल्या कांद्याचा ढीग होता. तनुजा विळ्याने पात कापत बसली होती. शेजारी नवनाथ कापलेला कांदा क्रेटमध्ये भरत होता. त्याच्या हातात विळा नव्हता.

"ये रं," नवनाथ म्हणाला. "बस. तनुजा, पाणी दे पोराला."

तनुजा उठली, तिने पाण्याचा तांब्या आणून प्रज्वलसमोर ठेवला, आणि ती पुन्हा कांद्यापाशी जाऊन बसली.

"विळा हातात देत न्हाई ही," नवनाथ म्हणाला. "गाडीची चावी बी लपीवली. म्हातारा झाल्यागत वाटतंय राव. गोळ्यांनी झोप लई येती. पण तंद्री न्हाई आली, गोळ्या सुरू झाल्यापास्नं."

"दादा," प्रज्वल म्हणाला, "मी माफी मागायला आलोय." आणि त्याने जे घडवले होते ते बोलून टाकले. आपण दिलेला शब्द कसा मोडला, टाळ्यांच्या नादात माणसाला माणूस कसा दिसेनासा होतो, ज्या हसण्याने तुम्हाला जपले तेच हसणे आपण कसे विकायला काढले. तो चांगला बोलला. बोलता बोलता त्याचा आवाजही भरून आला.

नवनाथने क्रेट भरायचे थांबवले नाही. "चांगलं बोलतोस," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून प्रज्वलला पुढचे बोलवेना.

"त्या दिवशी मी बी हसले," तनुजा एकदम म्हणाली. तिने वर पाहिले नव्हते. "समद्या बायांत जास्ती मीच. आन् मग ते बटण दिसलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. घरात रोज बघत व्हते, पण कधी इचारलं न्हाई, आवो तुमाला काय व्हतंय. इचारलं न्हाई अन् हसले."

"तुमची काय चूक, वहिनी," प्रज्वल म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि तसं बघितलं तर... शेवटी बरंच झालं. उपचार सुरू झाले. प्रेसवर काही झालं असतं तर? दादांच्या जिवासाठीच..."

वाक्य पुरे व्हायच्या आधीच ते किती हलके आहे, हे त्याला कळले. पण ते बाहेर पडले होते.

नवनाथने हातातला कांदा खाली ठेवला.

"नाव घेतलंस, त्याचं मला काय वाटत न्हाई बघ," तो म्हणाला. "त्या दिशी लागलं व्हतं. आता न्हाई. प्रेस मिळंल माघारी, न्हाईतर न्हाई मिळायची. त्ये डाक्टर ठरवतील. पर मला रोज एकच इचार येतो. मॅडम म्हणल्या, गोळ्या कधीच्या हायेत. मला तर ठावंच नव्हतं. विक्कीला नव्हतं, हिला नव्हतं. आमी अडाणी. तू शिकलेला. तू माझ्याकडं बघायचास, मला दिसायचं. हसायचा न्हाईस, नुसता बघायचास. मला बरं वाटायचं त्याचं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, समदे हसत्यात, ह्यो एक हसत न्हाई."

तनुजाचा विळा थांबला होता.

"तर मला येवढंच सांग," नवनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. शिफ्ट संपताना एखाद्याला उद्याचे विचारावे इतका तो साधा होता. "त्ये नाटक लिव्हलंस, त्याच्या आधी तुला कळलं व्हतं का, की ह्यो आजार हाय म्हणून?"

ताडपत्रीच्या कडेने ऊन आत सरकले होते आणि कांद्याच्या पातीचा उग्र वास हवेत उभा होता. दोघेही प्रज्वलकडे पाहत होते. 'नाही' म्हटले असते तर त्यांनी ते मानले असते. त्याने ते म्हटले असते तर कदाचित नवनाथने त्याला जेवायलाही थांबवले असते, तनुजाने भाकरी टाकली असती, आणि त्या घरात तो पुन्हा येऊ शकला असता. ते सगळे त्या एका शब्दाच्या पलीकडे तयार होते. आणि 'हो' म्हणायला लागणारे बळ, ज्याला तो इतकी वर्षे कवितेत शोधत आला होता, ते त्याच्यापाशी नव्हते.

"बोल की रं," नवनाथ म्हणाला. "मी काय रागवणार न्हाई."

प्रज्वल उठला. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. त्याने चपलेत पाय घातले, कांद्याच्या ढिगाला वळसा घातला, आणि मागे न बघता तो रस्त्याकडे चालत गेला.